रानातली सुगंधी झाडं मातीशिवाय वाढवून तेल काढायचंय? मग आधी भट्टीचा हिशोब करा

हायड्रोपोनिक्स म्हटलं की सगळे लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीबद्दलच बोलतात, पण सुगंधी झाडांचं गणित वेगळं आहे. लेट्यूसमध्ये वजन विकायचं असतं, इथे पाल्याचं वजन वाढलं म्हणून तेल वाढेलच असं काही नाही, कधीकधी तर उलटंच होतं. भरपूर नायट्रोजन पाजलेलं, सावलीत वाढलेलं हिरवंगार झाड कापून भट्टीत, म्हणजे वाफेवर तेल काढायच्या भांड्यात, टाकलं की घरभर वास येतो आणि बाटलीत मात्र नुसता तवंग. म्हणून हा लेख उलट्या बाजूने लिहितोय, आधी किती तेल पाहिजे ते ठरवा, मग किती पाला, मग किती बादल्या, आणि मग दुकानात जा.

उदाहरणाला रानतुळस घेतो, शास्त्रीय नाव ऑसिमम ग्रॅटिसिमम, काही जण हिला रामतुळसही म्हणतात. पुरुषभर उंच जाणारं झुडूप, पानं घरच्या तुळशीपेक्षा बरीच मोठी, चुरगळली की लवंगेसारखा नाहीतर ओव्यासारखा वास. लवंगेचा वास म्हणजे युजेनॉल, ओव्याचा म्हणजे थायमॉल. झाडं दिसायला अगदी सारखी, तेल मात्र पूर्ण वेगळं. गोंधळ नको म्हणून एक सांगून ठेवतो, रेल्वे लाइनच्या कडेला आणि पडीक रानात जी काटेरी बोंडांची, निळसर फुलांची "रानतुळस" माजलेली असते ती अमेरिकेतून आलेलं तण आहे, हिप्टिस. तिला उग्र वास असतो खरा, पण ती लावू नका, बी सांडलं तर आजूबाजूचे शिव्या देतील.

हिशोब

घरगुती भट्टीत रानतुळशीच्या एक किलो ओल्या पाल्यामागे दोन मिली तेल धरा. जास्त आलं तर आनंद, पण प्लॅनिंग दोनवरच करा. पंधरा लिटरच्या बादलीतल्या एका नीट वाढलेल्या झाडाचा एका कापणीला अर्धा किलो पाला धरा, म्हणजे पानं, मंजिरी आणि कोवळे शेंडे, जाड काड्या सोडून. वीस बादल्या म्हणजे दहा किलो पाला, म्हणजे वीस मिली तेल. वर्षात तीन चांगल्या कापण्या झाल्या तर साठ मिली. बस्स.

आता हे वाचून कोणाचा उत्साह मावळला असेल तर आत्ताच मावळलेला बरा. गच्चीवरच्या वीस बादल्यांतून धंदा उभा राहत नाही. गवती चहाचं किंवा सिट्रोनेलाचं तेल शेतात एकरांनी पिकतं, त्याच्याशी मातीशिवायच्या शेतीने भावात टक्कर द्यायचा विचारच सोडा. मग हे करायचं कशाला? एक, एकाच आईझाडाच्या काड्यांपासून सगळी झाडं केली तर प्रत्येक बाटलीला जवळपास तोच वास मिळतो, रानातून गोळा केलेल्या पाल्यात तो कधीच मिळत नाही. दोन, पाल्याला माती नाही, दुसऱ्या झाडाची भेसळ नाही. तीन, रानावर हात पडत नाही. साबणवाले, छोटे परफ्युमवाले, अरोमाथेरपीवाले अशा थोडक्यात पण नेमकं मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी किंवा स्वतःच्या हौसेसाठी हे ठीक आहे.

खानदेशात, नंदुरबारकडे डोंगरउतारावर जे रोशा गवत होतं, ज्याचं तेल एकेकाळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानला जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं, ते हायड्रोपोनिक्समध्ये लावायचं का असं बरेच जण विचारतात. माझं मत, नको. ते कोरड्या, खडकाळ जमिनीतच कमाई देणारं गवत आहे, तेल मुख्यतः फुलोऱ्यात असतं, आणि फुकटच्या माळावर जे येतं त्याला पंप आणि टायमर लावून काय मिळवणार.

आईझाड आणि काड्या

अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून काहीही तोडून आणायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो गुन्हा आहे. गरजही नाही. रानतुळस शेताच्या बांधावर, परसात, देवळाच्या आवारात सापडते, मालकाला विचारून चार काड्या घ्या. मात्र घ्यायच्या आधी पाच-सहा वेगवेगळ्या झाडांची पानं चुरगळून वास घ्या, प्रत्येकाची पानं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत वास घ्या. ज्याचा वास दुसऱ्या दिवशीही खणखणीत आहे ते आपलं आईझाड.

बियांपासून करू नका, मधमाश्या सगळ्या तुळशींवर फिरतात आणि रोपं कशी निघतील याचा भरवसा नसतो. मंजिरी न आलेल्या, अर्धवट टणक फांदीच्या दहा-बारा सेंमीच्या काड्या घ्या, खालची पानं काढा, वरच्या दोन पानांचीही अर्धी-अर्धी कापून टाका आणि ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. नुसत्या पाण्याच्या ग्लासातही फुटतात पण ती मुळं ठिसूळ असतात, बादलीत लावताना तुटतात. वीस झाडं पाहिजेत तर तीस काड्या लावा.

सिस्टीम कुठली

इथे जरा थांबून बोलू, कारण व्हिडिओ बघून लोक थेट पाइपवाली एनएफटी (पाइपातून खताच्या पाण्याची पातळ धार सतत वाहती ठेवायची पद्धत) नाहीतर पाण्यात मुळं सोडलेली टाकी घेऊन बसतात. आपल्याकडे दोन अडचणी आहेत, ऊन आणि लाइट. वीस डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तीस डिग्रीला तोच साडेसातवर येतो, आणि एप्रिलमध्ये गच्चीवरची टाकी तिशीच्या वर कधी गेली कळतही नाही. गरम पाण्यात मुळांची भूक वाढते आणि ऑक्सिजन कमी होतो, त्यात पिथियम बुरशी आली की पांढरी मुळं तपकिरी होऊन हातात सालीसारखी निघून येतात. एनएफटीच्या पाइपात तर लाइट गेल्यावर उन्हाळ्यात तासा-दोन तासांत झाडं माना टाकतात. रानतुळस वर्ष-दोन वर्षं ठेवायचं झुडूप आहे, तिची मुळं पाइप चोंदवतात ते वेगळंच.

म्हणून सरळ डच बकेट करा. पंधरा लिटरची बादली, बाहेरून पांढरा रंग, तळापासून पाच सेंमीवर ओव्हरफ्लोचं भोक, आत सत्तर टक्के कोकोपीट आणि तीस टक्के परलाइट (फुगवलेल्या दगडाचे हलके पांढरे दाणे), वरून ड्रिपर. दिवसभर लाइट गेली तरी झाड मरत नाही. वीस बादल्यांना कोकोपीटचे पाच किलोचे तीन ब्लॉक पुरतात. लो ईसी लिहिलेलेच ब्लॉक घ्या (ईसी म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप), आणि लिहिलेलं असलं तरी धुवा, नारळाच्या काथ्यात मीठ असतं. दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवून झालं की वीस लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून त्यात रात्रभर भिजवा, सकाळी निथळा. ही पायरी गाळली तर कोकोपीट स्वतःच कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं, नवीन पानं वाकडी येतात आणि माणूस औषधं मारत बसतो.

टाकी दोनशे लिटरची पुरे, पण ती ठेवायची बीमवर नाहीतर कॉलमजवळ. पाण्याचं वजन लोक विसरतात, स्लॅब विसरत नाही. टाकी काळी किंवा झाकलेली हवी, उजेड लागला की शेवाळ आलंच. सबमर्सिबल पंप छोटा चालतो, टायमर डिजिटल घ्या, लाइट गेल्यावर वेळ विसरणारा घेऊ नका.

पाणी आणि खत

आधी पाण्याचा टीडीएस बघा. दीडशेच्या आत असेल तर उत्तम, तीनशेपर्यंत चालवता येतं, पाचशेचं बोअरचं पाणी असेल तर पावसाचं साठवा नाहीतर आरओचं मिसळा. मीटर घेताना ईसी दाखवणारा घ्या, टीडीएसच्या मीटरमध्ये काही पाचशेच्या स्केलचे असतात काही सातशेच्या, म्हणजे ईसी १ असेल तर एक मीटर ५०० दाखवतो आणि दुसरा ७००, आणि दोघंही बरोबर असतात.

खतासाठी महागड्या बाटल्या नकोत. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांमुळे आपल्याकडे विद्राव्य खतं तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रातही मिळतात. फक्त १९:१९:१९ वर भागवू नका. त्यातला बराचसा नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो, मातीतले जिवाणू तो फोडून देतात, कोकोपीटमध्ये ती फौज नीट नसते, आणि कॅल्शियम तर त्यात नसतंच.

शंभर लिटर पाण्याला हे प्रमाण: कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:००:४५ हे ३० ग्रॅम, मोनो पोटॅशियम फॉस्फेट म्हणजे ००:५२:३४ हे १५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, १२ टक्केवालं चिलेटेड लोह २ ग्रॅम आणि चिलेटेड मायक्रोन्यूट्रिएंट पाकिटावरच्या प्रमाणात. यातून नायट्रोजन १३० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅमच्या) आसपास, पोटॅशियम १५०, कॅल्शियम ११०, मॅग्नेशियम ४० मिळतं, ईसी पाण्याची सोडून १.३-१.४ येते. सुगंधी झाडाला एवढं बास. टोमॅटोवाल्यांचा २.५ चा आकडा इथे आणू नका.

रोज रोज वजन करायचा कंटाळा येतो म्हणून दोन कॅन करून ठेवायचे. कॅन ए, दहा लिटर पाण्यात ६०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि २० ग्रॅम लोह. कॅन बी, दहा लिटरमध्ये बाकी सगळं दहापट. शंभर लिटर टाकीत एक लिटर ए टाकून ढवळा, मग एक लिटर बी. ए आणि बी एकमेकांत कधीही थेट ओतायचे नाहीत, कॅल्शियम हे सल्फेट-फॉस्फेटला भेटलं की पांढरा गाळ बसतो, तो खाली राहतो, ड्रिपर चोंदतो आणि झाड उपाशी.

पीएच ५.८ ते ६.३ ठेवा. आपल्याकडच्या जड पाण्याने तो वर पळतो, फॉस्फोरिक ॲसिडने खाली आणा, थेंबाथेंबाने, हातमोजे घालून, आणि ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. लिंबूसत्त्वाने पण उतरतो पण दोन दिवसांत परत वर.

पाणी दिवसातून चार ते सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीनशे मिली, उन्हाप्रमाणे कमी-जास्त. दिलेल्यातलं पंधरा-वीस टक्के ओव्हरफ्लोतून बाहेर आलं पाहिजे, ते कुंड्यांना घाला. आठवड्यातून एकदा या बाहेर आलेल्या पाण्याची ईसी बघा, आत जाणाऱ्यापेक्षा ०.८ ने वर गेली असेल तर एक दिवस साधं पाणी सोडा.

ऊन

तेल पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये भरतं, आणि त्या भरायला ऊन लागतं, त्यातही अतिनील किरण. तुळशीच्या जातीत हे स्पष्ट दिसतं, म्हणून अतिनील अडवणाऱ्या पॉलिहाउसच्या कागदाखाली रानतुळस ठेवू नका. उघडं आकाश द्या. मार्च ते मेमध्ये दुपारपुरती ३५ टक्क्यांची शेडनेट चालेल, ५० किंवा ७५ वाली नको. पावसाळ्यात उलट त्रास, पावसाने बादलीतलं खत धुवून जातं, म्हणून बादलीचं तोंड प्लास्टिकने झाकून खोडापुरतं भोक ठेवा.

एक भिंग घ्या, सोनार वापरतात तसं तीस पटीचं. पान उलटं करून तिरप्या उजेडात धरा. पृष्ठभागावर बारीक खळगे दिसतील आणि प्रत्येकात एक गोल चमकता ठिपका. कोवळ्या पानात ते दाटीने आणि पारदर्शक असतात, भरत आले की किंचित पिवळसर आणि फुगीर, जून पानात काही फुटून सपाट झालेले. कापणी कधी करायची हे कॅलेंडरपेक्षा हे ठिपके नीट सांगतात. सवय लागली की बोटानेही कळतं, पान हळूच चोळून सोडलं तरी बोटाला चिकटपणा राहतो.

छाटणी, किडी, आणि शेवटचा आठवडा

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, नंतरच्या फांद्यांचा पण एकदा खुडा, झाड रुंद होऊ द्या. किडींत मिलीबग, पांढरी माशी, उन्हाळ्यात लाल कोळी. तुळशीवर जाळीदार पंखांचा एक बारीक ढेकूणही येतो, पानावर फिकट ठिपके आणि खाली काळे डाग दिसले की तोच. साबणाचं पाणी आणि पाण्याचा जोरदार फवारा, एवढ्यावरच भागवा. रासायनिक औषध मारलं तर त्याचा अंश वाफेबरोबर तेलात जाऊ शकतो, आणि तेल म्हणजे किलोभर पाल्याचा सार, तिथे थोडं म्हणजे थोडं राहत नाही. कडुनिंबाचं तेल सुरुवातीला चालेल, कापणीच्या आधी तीन आठवडे बंद, नाहीतर बाटलीत तोच वास.

लावणीपासून पहिली कापणी साधारण तीन महिन्यांनी, नंतरच्या दोन-अडीच महिन्यांनी. मंजिरी निम्म्या फुलल्या की वेळ झाली. त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस झाडाला जरा ताणावर ठेवायचं: कॅन ए निम्मा करा, पाण्याच्या पाळ्या सहाच्या तीनवर आणा, दुपारी पानं किंचित मलूल झाली आणि संध्याकाळी परत ताठ झाली तर बरोबर चाललंय, सकाळीसुद्धा मलूल दिसली तर जास्त झालं, लगेच पाणी. द्राक्षबागेला ताण देणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. काही जणांचा जीव होत नाही, एवढं वाढवलेलं झाड मुद्दाम तहानलेलं ठेवायला, पण पाला थोडा कमी आणि तेल घट्ट, आपल्याला तेच पाहिजे.

कापणी कोरड्या दिवशी, दव उडाल्यावर, दुपारच्या आत. पाऊस पडून गेला असेल तर दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्या. खालून फूटभर खोड आणि थोडी पानं ठेवून कापा, पार बुडातून कापलं तर जुनं झुडूप परत फुटायला नखरे करतं. काड्या सप्टेंबरमध्ये लावल्या तर पहिली कापणी डिसेंबर-जानेवारीत येते, मग मार्च, मग मे-जून. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत पाला दांडगा येतो पण तेलाच्या नावाने बोंब, तेव्हा छाटणी आणि नवीन काड्या करा.

भट्टी

पाला सावलीत पाच-सहा तास पसरून मलूल करा, जागा कमी लागते. ढीग करून रात्रभर ठेवला तर आत गरम होऊन सडका वास धरतो. जाड काड्या काढून टाका, त्यात तेल नसतं, भट्टी मात्र भरते.

वीस लिटरची स्टीलची किंवा तांब्याची छोटी भट्टी मिळते. खाली चार लिटर पाणी, वर जाळी, जाळीवर चार किलोच्या आसपास पाला. पाला पाण्यात बुडवायचा नाही, खालून वाफ त्यातून जाऊ द्यायची. दाबून भरा पण ठासून नको, वाफ एका कोपऱ्यातून वाट काढते आणि बाकीचा पाला कच्चा राहतो. सांध्यांमधून वाफ निसटत असेल तर कणीक लिंपा, रबर किंवा साधी प्लास्टिकची नळी नको. प्रेशर कुकरवर जुगाड करणारे आहेत, मला ते आवडत नाही, पान उडून नळी चोंदली तर काय होईल याचा विचार करा. करायचंच असेल तर वाफेची वाट रुंद ठेवा, जाळी घाला, आणि सोडून जाऊ नका.

मंद आचेवर अर्ध्या तासात पहिले थेंब येतात. कंडेन्सरमधून, म्हणजे वाफ गार करणाऱ्या नळीतून, येणारं पाणी हाताला कोमट लागलं पाहिजे, वाफाळतं आलं तर तेल हवेत चाललंय, गार पाणी वाढवा. दीड ते दोन तास चालवा. मधेमधे काचेच्या ग्लासात थोडं पाणी धरून उजेडात बघा, वर तवंग दिसत नसेल तर बंद.

युजेनॉलवाल्या रानतुळशीत एक गंमत आहे. युजेनॉल पाण्यापेक्षा जड, बाकीचे घटक हलके, त्यामुळे तेलाचं वजन पाण्याच्या आसपासच येतं आणि ते नीट वर तरंगायच्या ऐवजी दुधट पाण्यात लोंबकळत राहतं. घाबरू नका. काचेच्या सेपरेटिंग फनेलमध्ये (खाली तोटी असलेलं, थर वेगळे करायचं भांडं) ओता, त्यात साधं मीठ विरघळवा, रात्रभर ठेवा, पाणी जड होतं आणि तेल वर येऊन थर धरतं. मीठ घालायच्या आधी सुगंधी पाणी हवं तेवढं बाजूला काढून ठेवा, फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवायचं. वेगळ्या केलेल्या तेलात चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेट टाकून उरलेलं पाणी टिपा आणि गाळून गडद काचेच्या बाटलीत, काठोकाठ. वीस मिली तेल शंभर मिलीच्या बाटलीत ठेवलं तर आतली हवाच ते खराब करते. बाटलीवर आईझाड, कापणीची तारीख, पाल्याचं वजन आणि तेलाचं माप लिहा.

हे तेल तसंच अंगाला लावू नका, भाजल्यासारखं होतं. विकायचं असेल तर प्रयोगशाळेतून जीसी-एमएस, म्हणजे तेलात कुठला घटक किती आहे ते दाखवणारी चाचणी, करून घ्या, गिऱ्हाईक तेच मागतं, आणि सौंदर्यप्रसाधन बनवून विकणार असाल तर एफडीएचं लायसन्स लागतं.

वाळा करणार असाल तर

वाळ्याच्या बाबतीत मातीशिवायची शेती खरंच कामाची आहे, कारण तेल मुळात असतं आणि जमिनीतून ती खणून काढणं म्हणजे कंबरतोड काम. पण ड्रमच्या पाण्यात सोडलेली लांब पांढरी मुळं बघून हुरळून जाऊ नका, ती कोवळी असतात, तेल जवळजवळ नाही. मीटरभर उंचीची अरुंद ग्रोबॅग घ्या, अर्धं कोकोपीट अर्धी धुतलेली जाड वाळू, त्यात फुटवे लावा, पाती वीतभर ठेवून छाटा, खत वरचंच पण निम्म्या ताकदीचं. पंधरा ते अठरा महिने हात लावायचा नाही. मग बॅग उभी चिरायची आणि पाण्याच्या पाइपने धुवायचं, मुळं तुटत नाहीत. वाळवून दोन-तीन सेंमीचे तुकडे करून रात्रभर भिजवा आणि भट्टीवर चढवा. शंभर ग्रॅम सुक्या मुळांमागे मिलीभर तेल आलं तरी छान. वेळ मात्र रानतुळशीच्या दहापट लागतो, जड तेल हळूहळू येतं, पंधरा तास सहज जातात, म्हणून गॅस सिलिंडर भरलेला आहे का ते आधी बघा आणि भट्टीतलं पाणी संपत नाही ना यावर लक्ष ठेवायला घरातला दुसरा माणूस पटवून ठेवा.